लिव्हरची गाठ: सुईने जाळून होणारा उपचार आणि आपली जबाबदारी

लिव्हरमध्ये गाठ आहे असे कळले की आपल्या वस्त्यांत दोनच गोष्टी बोलल्या जातात. 'दारू प्यायचा, त्याची फळे' आणि 'आता काही उपयोग नाही'. दोन्ही समज अर्धवट माहितीतून येतात. मीरा-भाईंदरमध्ये काम करताना आम्हाला ते वारंवार ऐकायला मिळतात, म्हणून हा लेख.

गाठ लहान असेल तर पोट न उघडता ती जाळता येते. सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनच्या पडद्यावर पाहत डॉक्टर त्वचेतून एक बारीक सुई थेट गाठीत नेतात. रेडिओफ्रिक्वेन्सी पद्धतीत सुईच्या टोकाभोवती विद्युतप्रवाहाने, तर मायक्रोवेव्ह पद्धतीत सूक्ष्मलहरींनी उष्णता तयार होते. तापमान ६० अंशांच्या वर गेले की पेशी मरतात. गाठीभोवतीची थोडी निरोगी कडाही जाळतात, म्हणजे रोगाचा अंश मागे राहू नये. बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातात. नंतर पुन्हा स्कॅन करून गाठ पूर्ण जळली का ते पाहतात.

याला मर्यादाही आहेत. साधारण ३ सेंटीमीटरपर्यंतच्या, संख्येने मोजक्या गाठींवर हा उपचार उत्तम चालतो. मोठ्या रक्तवाहिनीजवळ गाठ असेल तर वाहते रक्त उष्णता ओढून नेते आणि काही पेशी वाचू शकतात. लिव्हर फारच निकामी झाले असेल, पोटात पाणी साठले असेल, तर बहुतेकदा हा मार्ग उरत नाही. म्हणजे सगळा प्रश्न वेळेचा आहे, आणि लहान गाठ दुखत नाही. ज्यांना सिरॉसिस आहे त्यांनी दर ६ महिन्यांनी सोनोग्राफी करायलाच हवी. हिपॅटायटिस बी असलेल्यांनी ती कधीपासून करायची हे डॉक्टरांना विचारावे.

आता दारूबद्दल. दारू हे मोठे कारण आहेच. पाचवे शील आणि बाबासाहेबांनी १९५६ साली दिलेली दारू न पिण्याची प्रतिज्ञा आपल्याला ठाऊक आहे. पण थेंबही न घेतलेल्या माणसालाही हिपॅटायटिस बी, सी किंवा मधुमेहासोबतच्या फॅटी लिव्हरमुळे हा कॅन्सर होतो. हिपॅटायटिस बी रक्तातून, दूषित सुईतून, लैंगिक संबंधातून आणि आईकडून बाळाला होतो. एकत्र जेवल्याने होत नाही. वेगळा पेला ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सोसला, त्याच समाजात आजाऱ्याचे ताट वेगळे ठेवले जावे, हे आम्हाला अस्वस्थ करते.

कार्यकर्त्यांनी करण्यासारखे:

१. बाळाला जन्मल्यापासून २४ तासांत हिपॅटायटिस बी ची लस मिळाली का, हे विचारा. सरकारी रुग्णालयात ती मोफत असते.
२. बी आणि सी ची रक्ततपासणी करून घ्यायला सांगा. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी व औषधे मोफत आहेत.
३. गाठ निघाली तर बाबा-बुवांकडे आठवडे घालवू नका. सर्व रिपोर्ट घेऊन परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी लवकर पोहोचवा.
४. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार बसतो का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारा.

दुःख आहे, त्याला कारण आहे आणि कारण कळले तर मार्गही आहे, हे तथागतांनी शिकवले. विहारातील पुढच्या रविवारच्या वंदनेनंतर दहा मिनिटे या विषयाला द्या.

जयभीम! नमो बुद्धाय!