मासळीचे भय आणि मेंदूतील रसायने

पावसाळ्याच्या दिवसांत वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातील एखाद्या सिंचन तलावावर मत्स्यबीज सोडण्याचे काम चालू असेल, तर वाचकांनी काठावर उभे राहून ते अवश्य पाहावे. प्राणवायू भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली येतात; पिशवी लगेच न सोडता ती पाव-अर्धा तास तलावावर तरंगत ठेवतात, आतल्या-बाहेरच्या पाण्याचे उष्णतामान जुळले म्हणजे तोंड उघडून तलावाचे पाणी हळूहळू आत घेतात, आणि मग पिले बाहेर पडतात. ती चहूकडे धावतील अशी पाहणाऱ्याची अपेक्षा असते. परंतु त्यांतील बरीचशी तळाकडे जातात, एकमेकांना बिलगून राहतात आणि काही काळ हालचालच आवरून घेतात. मासळी बुजली, एवढ्या दोन शब्दांत काठावरची माणसे या प्रकाराचा निकाल लावतात, आणि तो निकाल शास्त्राच्या कसोटीलाही उतरतो.

या बुजण्याचे मोजमाप करण्याची रीत आज जगभरच्या प्रयोगशाळांत रूढ आहे, आणि त्यासाठी निवडलेला जीव आपल्याच उपखंडातला आहे: फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या मत्स्यसृष्टीवरील 1822 च्या ग्रंथात ज्याची शास्त्रीय नोंद केली, तो निळ्या पट्ट्यांचा, जेमतेम दीड इंचाचा झेब्रामासा. अपरिचित काचपात्रात सोडला की तो प्रथम तळ गाठतो, आणि धोका नसल्याची खात्री पटत जाईल तसतसा, काही मिनिटांत, वरच्या थरात फिरू लागतो. तळाशी किती वेळ गेला, वर येण्यास किती विलंब लागला, किती वेळा तो निश्चल झाला, या साऱ्याचा हिशेब ठेवून त्याच्या अस्वस्थतेचे माप काढतात. शास्त्रज्ञ तिला चिंता न म्हणता ‘चिंतासदृश वर्तन’ म्हणतात, कारण माशाच्या अंतःकरणात काय चालते हे त्याला विचारण्याचा मार्ग आपल्याजवळ नाही. हा संयम मला योग्य वाटतो. तथापि मासा म्हणजे संवेदनाशून्य जीव, हे जुने मत यापुढे टिकणारे नाही.

भयाची वर्दी माशाला पाण्यातूनच मिळू शकते. मधमाश्यांच्या नृत्याचा अर्थ उकलणारे कार्ल फॉन फ्रिश यांनी 1938 मध्ये दाखवून दिले की, मिनो नावाच्या, रोहूच्याच गणातल्या माशाची त्वचा फाटली, तर तीतून एक द्रव्य पाण्यात मिसळते आणि त्याचा गंध लागताच कळपातील इतर मासे पळ काढतात.

वर्दी पोचताच मेंदूच्या तळाशी असलेल्या अधश्चेतकातून एक संप्रेरक पीयूषिका ग्रंथीकडे रवाना होते, पीयूषिकेचा हुकूम रक्तावाटे मूत्रपिंडाच्या अग्रभागातील पेशींपर्यंत जातो, आणि तेथून कॉर्टिसॉल स्रवते. कोर्टाच्या तारखेच्या आदल्या रात्री आपल्या रक्तात जे वाढते तेच हे द्रव्य. उंदीर सस्तन असूनही त्याच्या अंगी या कामी निराळे द्रव्य प्रमुख असते, मासा मात्र या बाबतीत आपल्या अधिक जवळचा. परंतु भय उत्पन्न होणे जितके आवश्यक, तितकेच ते वेळेवर आवरले जाणेही आवश्यक असते, आणि हे आवरण्याचे कामही कॉर्टिसॉलच मेंदूत परतून, तेथील विशिष्ट ग्राहीवर बसून करते. हा ग्राहीच जन्मतः सदोष असला तर काय होते, याचा दाखला 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने दिला. असा दोष असलेले झेब्रामासे नव्या पात्रात थिजून गेले, आणि निरोगी मासे वारंवार तेथे ठेवल्यावर सरावले, तरी हे सरावेनात. त्यांच्या पाण्यात फ्लुओक्सेटीन, म्हणजे माणसांच्या विषण्णतेवर दिले जाणारे, मेंदूत सेरोटोनिनचा अंमल लांबवणारे औषध मिसळले, तेव्हा ते पूर्ववत पोहू लागले. आणि दुसरा झेब्रामासा नुसता दृष्टीस पडू लागला, तरीही त्यांची ती अवस्था सुटली. औषधाने जे साधले तेच सोबत्याच्या दर्शनाने साधले, ही गोष्ट मला या साऱ्या संशोधनात सर्वांत मोलाची वाटते.

या ज्ञानात विदर्भाचाही वाटा आहे. नागपूर विद्यापीठात डॉ. निशिकांत सुभेदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आपल्या बाजारात जिवंत विकल्या जाणाऱ्या मागूर माशाच्या मेंदूचे सूक्ष्म छेद घेऊन, न्यूरोपेप्टाइड-वाय हे द्रव्य कोणत्या पेशींत आणि तंतूंत वसते याचा शोध घेतला. गंधेंद्रियापासून पीयूषिकेपर्यंतचा तो तपशील 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. हे द्रव्य भूक वाढवते, तसेच भय शमवते. ज्यांच्या अंगी त्याचे जनुक निकामी केले होते असे झेब्रामासे अधिक भित्रे असतात, हे 2020 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले.

मासळीचे भय इतक्या सूक्ष्म द्रव्यांच्या हाती असेल, तर आपण पाण्यात काय सोडतो याचा जाब आपल्याला द्यावा लागतो. 2013 मध्येच स्वीडनच्या संशोधकांनी पर्च माशांना, लिटरमागे दोन मायक्रोग्रॅमहूनही कमी ऑक्साझेपाम, म्हणजे चिंता शमवणारे औषध, असलेल्या पाण्यात ठेवले. ते मासे अधिक फिरू लागले, खाद्यावर अधिक वेगाने तुटून पडू लागले, आणि सोबत्यांपासून दूर राहू लागले. भय हरपलेला मासा सुखी झाला असे कोणी समजू नये, कारण ज्या पाण्यात मरळ टपलेली असते, तेथे बुजणे हाच लहान माशाचा बंदोबस्त असतो. स्वीडन दूर राहिले; अकोल्याहून मेडशी, मालेगाव, वाशीम, हिंगोली, नांदेड असा जाणारा आपल्या दारचा महामार्ग जेथे संगारेड्डीला संपतो, त्याच जिल्ह्यातील पाटणचेरू येथे औषध कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात, प्रतिजैविकांच्या बरोबरीने सिटालोप्राम हे विषण्णतेवरील औषधही आढळल्याची नोंद 2007 मध्ये झाली आहे.

मालेगावात औषधांचे कारखाने नाहीत, पण घरोघरी मुदत संपलेल्या गोळ्यांची पाकिटे आहेत. घेतलेल्या औषधाचा काही अंश मूत्रावाटे पाण्यात जायचा तो जाईलच. न घेतलेले औषध तरी नाल्यात, विहिरीत वा तलावाकाठी टाकू नये, आणि नगरपंचायतीने घंटागाडीवर अशा गोळ्यांसाठी एक स्वतंत्र पेटी ठेवावी, अशी माझी वाचकांस आणि कारभाऱ्यांस कळकळीची विनंती आहे.