ॲनिमेवरचे पत्त्यांचे खेळ: काही का टिकतात, काही का विझतात?

आजचा विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल, हा तर पोरांचा विषय, यावर काय बोलायचं? पण हिशेब बघा. पोकेमॉनचे पत्ते २०२१-२२ या एका आर्थिक वर्षात ९ अब्जांहून जास्त छापले गेले. ‘यू-गी-ओ!’च्या विक्रीची गिनीज बुकाने नोंद घेतली, तेव्हा २०११ पर्यंतचा आकडा २५ अब्जांच्या वर होता. आणि त्याच काळात, तितक्याच गाजलेल्या मालिकांवरचे कितीतरी खेळ दोन-चार वर्षांत बंद पडले. चित्रं तशीच सुंदर, नायक तेवढेच लाडके. मग फरक कुठे पडतो? तेच आज समजून घेऊ.

आधी हा खेळ म्हणजे काय ते स्पष्ट करतो, कारण आपल्याकडे बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर ट्रम्प कार्डं येतात. ट्रम्प कार्डांचा एक डबा घेतला की खेळ पूर्ण झाला. त्या एका डब्यात चार जण खेळू शकतात. ट्रेडिंग कार्ड गेममध्ये तसं नसतं. इथे प्रत्येक खेळाडू स्वतःचा गठ्ठा स्वतः जुळवून आणतो. पत्ते बंद पाकिटात मिळतात, आत काय निघेल ते ठाऊक नसतं, आणि दर काही महिन्यांनी नवे पत्ते येतात. ही कल्पना रिचर्ड गारफिल्ड या गणिताच्या अभ्यासकाची. १९९३ मध्ये अमेरिकेच्या ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीने त्याचा ‘मॅजिक: द गॅदरिंग’ बाजारात आणला. पुढचे सगळे खेळ त्याच घराण्यातले.

आता यातली मेख लक्षात घ्या. कादंबरी एकट्याने वाचता येते, बाहुली एकट्याने खेळवता येते. पत्त्यांचा गठ्ठा मात्र समोर दुसरा माणूस बसल्याशिवाय निरुपयोगी. म्हणून मी याच्या तीन पायऱ्या मानतो. पहिलं पाकीट मालिकेच्या नावावर खपतं. दहावं पाकीट खेळ चांगला असेल तर खपतं. आणि शंभरावं पाकीट तेव्हाच खपतं, जेव्हा शनिवारी संध्याकाळी दुकानात आपल्याशी खेळायला कोणीतरी येईल याची खात्री असते. बहुतेक खेळ पहिल्या आणि दुसऱ्या पायरीच्या मध्ये पडतात. काही चांगले खेळ दुसरी पायरी चढून तिसरीवर घसरतात.

पोकेमॉनपासून सुरुवात करू. इथे क्रम बघण्यासारखा आहे. फेब्रुवारी १९९६ मध्ये जपानात व्हिडिओ गेम आला, ऑक्टोबर १९९६ मध्ये पत्ते, आणि टीव्हीवरची मालिका एप्रिल १९९७ मध्ये. म्हणजे पत्ते मालिकेच्याही आधीचे! मालिका गाजली म्हणून घाईघाईने त्यावर पत्ते छापले, असं झालेलं नाही. शिवाय मूळ कल्पनाच जमवण्याची. प्राणी पकडायचे, वाढवायचे, मित्राशी अदलाबदल करायची. पत्ते जमवणारा मुलगा मालिकेतला नायक जे करतो तेच करत असतो. जो कधीच खेळत नाही, नुसता वहीत पत्ते लावून ठेवतो, त्यालाही त्यात काहीतरी मिळतं. आणि कथा संपत नाही. सुरुवातीला १५१ प्राणी होते, आता हजाराच्या वर आहेत.

‘यू-गी-ओ!’ची गोष्ट वेगळी. काझुकी ताकाहाशी यांची ही मंगा १९९६ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्यात तऱ्हेतऱ्हेचे खेळ होते. पत्त्यांचा खेळ त्यातला एक. वाचकांना तोच इतका आवडला की पुढे सगळी कथा त्याच्याभोवती फिरायला लागली. वाचक विचारायला लागले, हा खेळ मिळतो कुठे? म्हणजे मागणी आधी तयार झाली. १९९८ मध्ये बंदाई कंपनीने त्यावर पत्ते काढले, ते फार काळ चालले नाहीत. १९९९ मध्ये कोनामीने नव्याने नियम बांधून आपला खेळ आणला, आणि तो आजही चालू आहे. या कथेत प्रत्येक भाग म्हणजे खेळाचा एक डाव. जाहिरात वेगळी करावीच लागत नाही.

इथपर्यंत कोणी म्हणेल, ‘मालिका पत्त्यांविषयीच असली की झालं काम.’ तर आता त्याला धक्का देणारं उदाहरण घेऊ: ‘ड्युएल मास्टर्स’.

ही मंगा १९९९ मध्ये ‘कोरोकोरो कॉमिक’ या मुलांच्या मासिकात सुरू झाली. सुरुवातीला तिच्यातली पात्रं चक्क ‘मॅजिक’ खेळायची. २००२ मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र खेळ तयार झाला. जपानात तो वीस वर्षांहून जास्त काळ चालू आहे. हाच खेळ २००४ मध्ये अमेरिकेत आला आणि २००६ मध्ये गुंडाळला गेला. २०१२ मध्ये त्याचंच रूप ‘काइजुडो’ या नावाने पुन्हा आणलं. तेही २०१४ मध्ये थांबलं. कंपनी अनुभवी, खेळाचा गाभा तोच. मग?

एक कारण असं की जपानात मासिक, टीव्ही, खेळण्यांची कंपनी आणि स्पर्धा हे सगळं एकत्र चालत होतं. मूल ज्या मासिकात कथा वाचायचं त्यातच नव्या पत्त्यांची बातमी असायची. अमेरिकेत ते मासिक नव्हतं. मालिकेच्या इंग्रजी रूपात संवाद बदलून तिची बरीचशी थट्टा केली होती. कथाच खेळाला हसत असेल तर मुलाने तो गंभीरपणे का घ्यावा? दुसरं कारण, तोवर दुकानातली टेबलं पोकेमॉन, ‘यू-गी-ओ!’ आणि ‘मॅजिक’ने व्यापलेली होती. मित्र जे खेळतात तेच आपण खेळतो. नवा खेळ थोडा बरा असून भागत नाही, कारण सगळ्या मित्रांना एकदम उठवून दुसऱ्या टेबलावर नेणं फार अवघड असतं.

आता गंमत बघा. ‘ड्युएल मास्टर्स’मध्ये एक सुंदर नियम होता. खेळाडूपुढे पाच पत्ते ढालीसारखे पालथे असतात. प्रतिस्पर्ध्याने ढाल फोडली की तो पत्ता आपल्या हातात येतो, कधी फुकट वापरता येतो. म्हणजे मार खाणाऱ्याच्या हातात बळ येतं आणि डाव शेवटपर्यंत रंगतो. २०२२ मध्ये बंदाईने ‘वन पीस’चा नवा खेळ काढला, त्यात जवळजवळ हाच विचार आहे. तुमचा एक नेता, त्याचे ठरावीक प्राण, आणि प्राण गेला की तो पत्ता हातात. मार खाऊन पुन्हा उभा राहणारा नायक ही ‘वन पीस’ची ओळखच, ती नियमातच उतरली. हा खेळ जपानबाहेरही जोरात चालला.

पण याच ‘वन पीस’वर बंदाईने २००५ मध्येही अमेरिकेत पत्ते आणले होते. ते टिकले नाहीत. तेव्हा तिथे मालिका लहान मुलांसाठी जबर कापाकापी करून दाखवली जात होती. २०२२ पर्यंत तेच प्रेक्षक मोठे झाले होते, कमावते झाले होते, मूळ रूपातली मालिका ऑनलाइन बघत होते. त्याच उन्हाळ्यात जपानात ‘वन पीस फिल्म रेड’ हा चित्रपटही आला. तेव्हा नाव तेच असलं, तरी वेळ आणि नियम दोन्ही जुळून यावे लागतात.

आता टिकण्याचा प्रश्न. मालिका संपते, खेळ संपून चालत नाही. ‘नारुतो’चे पत्ते अमेरिकेत २००६ मध्ये आले आणि २०१३ मध्ये बंद झाले, मंगाही पुढच्याच वर्षी संपली. यावर जपानच्या बुशिरोड कंपनीने २००८ मध्ये ‘वाइस श्वार्त्झ’मधून एक तोडगा काढला. खेळ एकच, नियम एकच, मालिका अनेक. एक मालिका विस्मृतीत गेली तरी दुसरी येते, आणि समोरचा वेगळ्या मालिकेचे पत्ते घेऊन बसला तरी डाव होतो. टेबल मोडत नाही.

याच्या उलट ‘ड्रॅगन बॉल’ बघा. इंग्रजीत त्याचे पत्ते २००० मध्ये एका कंपनीने काढले, २०१४ मध्ये दुसरीने, २०१७ मध्ये बंदाईने, आणि २०२४ मध्ये बंदाईनेच आणखी एक वेगळा खेळ. नाव इतकं मोठं की दरवेळी नवं गिऱ्हाईक मिळतंच. पण एका खेळाचे पत्ते दुसऱ्यात चालत नाहीत. ज्या मुलाने खाऊचे पैसे साठवून पहिला गठ्ठा जमवला, त्याच्या हाती आठवण उरते. खेळणारा जोडीदार उरत नाही. मला वाटतं, या धंद्यातलं खरं भांडवल हेच आहे, विश्वास. मी आज घेतलेला पत्ता उद्याही टेबलावर चालेल, हा विश्वास.

तो विश्वास यशानेही मोडू शकतो. मे २०२१ मध्ये अमेरिकेत टार्गेट या दुकानसाखळीने काही काळ पोकेमॉनचे पत्ते दुकानात विकणंच थांबवलं, कारण पत्त्यांवरून एका दुकानाच्या वाहनतळावर मारामारी झाली होती. पुनर्विक्रीसाठी लोक पाकिटं उचलत होते आणि खेळणाऱ्या मुलांना ती मिळत नव्हती. पोकेमॉन कंपनीने छपाई वाढवली. सुरुवातीला सांगितलेला ९ अब्जांचा आकडा त्यानंतरचा. असं केल्याने साठेबाज नाराज होतो, पण टेबल भरलेलं राहतं.

एक प्रश्न आलाय: ‘नवे पत्ते जुन्यांपेक्षा जोरदार करत गेले की जुने निकामी होतात, मग विश्वास कुठे राहिला?’ अगदी बरोबर. यावर दोन वाटा आहेत. पोकेमॉनमध्ये जुने पत्ते ठरावीक काळाने मुख्य स्पर्धांतून बाद होतात, आणि ते खेळाडूंना आधी कळवलेलं असतं. ‘यू-गी-ओ!’त जुने पत्ते चालतात, पण फार जड झालेल्या पत्त्यांवर बंदीची यादी निघते. दोन्हीत कोणाचं तरी नुकसान होतं. फक्त नियम सर्वांना ठाऊक असतो, म्हणून लोक ते सोसतात.

तेव्हा घरातलं मूल नव्या खेळाचं पाकीट मागत असेल, तर मालिकेचं नाव विचारून थांबू नका. तीन गोष्टी विचारा. तू हे कोणाशी खेळणार आहेस? हरत असतानाही तुला मजा येते का? आणि यातलं एकही पाकीट उद्या महाग विकलं गेलं नाही, तरी तुला ते हवं आहे का? तिन्हींची उत्तरं लगेच आली, तर तो खेळ निदान तुमच्या गल्लीत तरी यशस्वी झालाय असं समजा.