चरणाऱ्या शेळीने नक्की किती खाल्लं?

गोठ्यातल्या जनावराचा हिशोब सोपा असतो. टाकलेल्या चाऱ्यातून गव्हाणीत उरलेला वजा केला की झालं. माळावर चरणाऱ्या शेळी-मेंढीचं मात्र टाकलेलंही कळत नाही आणि उरलेलंही. त्यामुळे अंदाजावर भागवलं जातं आणि त्यातूनच पुढचे गैरसमज पक्के होतात.

गैरसमज : दिवसभर चरून पोट तट्ट दिसलं म्हणजे जनावराचं भागलं.

वस्तुस्थिती : उन्हाळ्यातलं वाळकं गवत कोटीपोटात बराच वेळ रेंगाळतं. चाऱ्यातली प्रथिनं साधारण 7 टक्क्यांच्या खाली गेली की तिथल्या सूक्ष्मजीवांचं कामही मंदावतं. पोट भरलेलं दिसतं, पण खाणं कमी होतं आणि जनावर उतरत जातं.

गैरसमज : 10 किलो हिरवा चारा म्हणजे 10 किलो अन्न.

वस्तुस्थिती : कोवळ्या गवतात 75 ते 80 टक्के पाणी असतं. म्हणजे हाती येतो 2 ते अडीच किलो शुष्क पदार्थ. आहाराचं गणित त्याच्यावरच मांडायचं असतं. 30 किलोच्या शेळीला दिवसाला वजनाच्या 3 ते 4 टक्के, म्हणजे साधारण 1 किलो शुष्क पदार्थ लागतो.

गैरसमज : कुरणातलं गवत कापून तपासलं की जनावराने काय खाल्लं ते कळतं.

वस्तुस्थिती : शेळी निवडून खाते. बोरीचा कोवळा शेंडा, बाभळीची शेंग आधी. राठ काडी शेवटी. तिचा आहार कापलेल्या नमुन्यापेक्षा सहसा सरस असतो. म्हणून अभ्यासक कळपामागे चालतात, ती कुठे तोंड घालते ते पाहतात आणि तसाच पाला हाताने खुडून तपासायला नेतात.

गैरसमज : लेंड्यांवरून खाणं कसं कळणार?

वस्तुस्थिती : खात्रीचा मार्ग तिथूनच जातो. मूत्र मिसळू नये म्हणून सहसा बोकडाच्या मागे पिशवी बांधतात, दिवसभराच्या लेंड्या तोलतात आणि नमुना वाळवतात. समजा, वाळलेल्या लेंड्या 400 ग्रॅम भरल्या आणि चाऱ्याची पचनीयता 60 टक्के आहे. म्हणजे न पचलेले 40 टक्के म्हणजेच हे 400 ग्रॅम. खाणं 1 किलो. पण पचनीयता चुकून 65 टक्के धरली, तर तेच उत्तर 1,143 ग्रॅम येतं. पचनीयतेत 5 अंकांची चूक, खाण्यात 14 टक्क्यांची.

गैरसमज : चाऱ्याला राठपणा देणारं लिग्निन पचतच नाही, म्हणून त्यावरून काढलेली पचनीयता बिनचूक.

वस्तुस्थिती : कोवळ्या चाऱ्यातल्या लिग्निनचा काही भाग शेणात परत मिळत नाही, मग हिशोब चुकतो. यावर अल्केनची पद्धत उपयोगी पडते. पानांवरच्या मेणात 33 कार्बनचा अल्केन असतो. जनावराला 32 कार्बनचा अल्केन मोजून पाजतात आणि चाऱ्यातलं व शेणातलं दोघांचं प्रमाण तपासतात. दोन्ही शेणात पूर्ण उतरत नाहीत, पण घट जवळपास सारखीच असल्याने हिशोबात ती कटते.

हे प्रयोग प्रयोगशाळेचे आहेत. त्यांतून निघणारा धडा मात्र प्रत्येक पशुपालकाच्या कामाचा आहे. खुराक ठरवताना चराईच्या तासांवर भिस्त ठेवू नका. दर पंधरवड्याला, सकाळी चरायला सोडण्यापूर्वी, शेळ्यांचं वजन करा आणि लिहून ठेवा. गवत हिरवं असूनही वजन घटत असेल, तर जंत आणि आजाराची तपासणी करून घ्या. गवत वाळलेलं असेल, तर प्रथिनयुक्त पेंड सुरू करायला उशीर करू नका.