फाल्गुनातले फाल्गुनराव

फाल्गुन लागला की गोमंतकातील देवळांच्या प्रांगणात दोन निरनिराळे नाद एकाच वेळी कानी पडू लागतात. एक असतो शिगम्याच्या रोमटाचा, ढोल-ताशे आणि कासाळे यांचा; दुसरा असतो अग्रशाळेच्या लोटलेल्या दाराआडून झिरपणारा ऑर्गनचा. कार्तिकी पौर्णिमेनंतर सुरू झालेला जत्रांचा हंगाम अद्याप ओसरलेला नसतो, आणि उत्सव म्हटला की येथे नाटक ओघानेच आले. पालखी देवळात परतली, आरती आणि तीर्थप्रसाद आटोपला, की ग्रामस्थांनी ग्रामस्थांसाठी बसविलेल्या नाटकाचा पडदा वर जातो. या नाटकांत गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संगीत संशयकल्लोळ’ला पिढ्यान् पिढ्या मानाचे पान मिळत आले आहे.

शिमग्याच्या महिन्याचे नाव धारण करणारा नायक असलेले दुसरे नाटक मराठीत नसावे! देवलांनी यातील पुरुषांना महिन्यांची आणि स्त्रियांना नक्षत्रांची नावे दिली, हे रसिक वाचकांस ठाऊक आहेच. फाल्गुनराव, अश्विनशेठ, वैशाखशेठ, आणि नोकर म्हणून भादव्या. तिकडे कृत्तिका, रेवती, रोहिणी, मघा. पंचांग जवळ असेल तर आणखी एक गंमत दिसते. आकाशात रेवती संपली की अश्विनी सुरू होते. रेवती आणि अश्विनशेठ या प्रेमिकांची नावे अशी एकमेकांना खेटून आहेत. फाल्गुनरावांची गाठ मात्र कृत्तिकेशी, म्हणजे कार्तिकाच्या नक्षत्राशी. त्या घरात कुरबुर माजली तर नवल काय? योगायोग म्हणा, कारागिरी म्हणा. देवलांसारख्या चोखंदळ नाटककाराच्या बाबतीत मन दुसऱ्या शब्दाकडेच झुकते.

या नाटकाचे कूळ दूरचे. फ्रेंच नाटककार मोलिएर याने १६६० मध्ये एका तसबिरीवरून उडालेल्या घोटाळ्याचा प्रहसनवजा खेळ रचला. त्याचा आधार घेऊन आर्थर मर्फी याने १७६१ मध्ये इंग्रजीत ‘ऑल इन द राँग’ लिहिले, आणि मर्फीवरून देवलांनी १८९३ मध्ये ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक केले. पदांचा साज त्यावर चढला तो पुढे बऱ्याच वर्षांनी. जून १९१६ मध्ये देवल निवर्तले आणि त्याच वर्षी, त्यांच्या मागे, गंधर्व नाटक मंडळीने हे संगीत रूप रंगभूमीवर आणले. गणपतराव बोडस फाल्गुनराव आणि बालगंधर्व रेवती! त्या जोडीची कीर्ती अशी की आजचा खेड्यातला हौशी नटही फाल्गुनरावाचा अंगरखा चढविताना बोडसांचे नाव काढतो. पुढे बोलपट आले, मोठमोठ्या नाटक मंडळ्यांचा संसार मोडला. पण ही नाटके मोडीत निघाली नाहीत. पुणे-सांगलीच्या हौशी संस्थांनी आणि कोकण-गोमंतकातील उत्सवांनी ती सांभाळली. व्यवसायाने ज्याला रजा दिली त्याला हौसेने घरात घेतले, असेच म्हणावयास हवे.

परंतु हौस आहे म्हणून हे नाटक सोपे आहे, असे कोणी समजू नये. घटना तशी क्षुल्लक. रेवतीला रस्त्यात भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरतात, कृत्तिका ते पाहते. रेवतीजवळची अश्विनशेठची तसबीर तेथे पडते, ती कृत्तिकेच्या हाती लागते, आणि पत्नीच्या हाती परपुरुषाची तसबीर पाहून फाल्गुनरावांच्या डोक्यात तोच किडा वळवळू लागतो. पुढे तीच तसबीर फाल्गुनरावांपाशी पाहून अश्विनशेठला रेवतीचा संशय येतो. एवढ्याशा वस्तूभोवती चार माणसांची झोप उडते. हे सारे प्रवेशाच्या आणि निर्गमनाच्या क्षणांवर तोललेले असते. एक नट दोन पावले उशिरा आला तर संशयाला जागाच उरत नाही. म्हणून जाणते तालीम मास्तर पहिले काही दिवस पदे बाजूला ठेवून केवळ येण्याजाण्याच्या तालमी घेतात.

सर्वांत मोठा धोका फाल्गुनरावाचाच. दिवसा शाळेत शिकविणारा अथवा दुकानात बसणारा हा नट रात्री ओळखीच्या प्रेक्षकांपुढे उभा राहतो. पहिला हशा मिळाला की त्याला दुसऱ्याची ओढ लागते. मग तो डोळे फिरवितो, पदरची वाक्ये घालतो, आणि तेथेच नाटक बसते. कारण फाल्गुनराव विनोद करीत नाही; तो बिचारा खरोखरच जळत असतो. तो जितका मनापासून जळेल तितके आपण हसतो. बहुतेक हौशी प्रयोग या एका गोष्टीवर तरतात किंवा बुडतात.

गाण्याचा प्रश्न वेगळाच. पूर्वी रेवती पुरुषच करीत, तेव्हा अश्विनशेठ आणि रेवती यांच्या पट्ट्या फारशा दूर नसत. आता रेवतीला स्त्रीचा गळा मिळाला, हे उत्तमच झाले; पण तिची पट्टी अश्विनशेठच्या पट्टीहून बरीच उंच, आणि दोन पदांच्या मध्ये मोजकीच वाक्ये. तेवढ्यात ऑर्गनवाल्याने स्वर बदलून नव्या षड्जाचा भरणा द्यावयाचा. असा वादक आता दुर्मिळ होत चालला आहे. पायाने भाता हलविण्याचे जुने ऑर्गन दुरुस्त करणारे हातही थोडेच उरले. एकच वादक लागोपाठच्या रात्री निरनिराळ्या गावांची नाटके सांभाळतो, तेव्हा जत्रेच्या तिथीइतकीच त्याची सवडही महत्त्वाची ठरते.

गोमंतकात या नाटकाला आणखी एक पदर आहे, आणि तो विनोदाचा नव्हे. रेवती ही नायकिणीची मुलगी. अश्विनशेठ तिच्याशी लग्न करू इच्छितो, आणि तिच्या निष्ठेवर संशय घेणे इतरांना फार सोपे जाते. पुण्यातल्या नाट्यगृहात हे कथानकाचे एक कलम म्हणून खपून जाते. पण ज्या देवळांच्या सभामंडपांत पिढ्यान् पिढ्या कलावंत स्त्रियांनी गायनसेवा केली, त्याच देवळांसमोर ते उभे राहते तेव्हा त्याचे वजन बदलते. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या गायिका ज्या समाजाने दिल्या, त्या समाजाच्या लेकींनी मान मिळविण्यासाठी काय सोसले, हे समोर बसलेल्या वयस्क मंडळींना कोणी सांगावे लागत नाही. चांगली रेवती संशयाने घायाळ होऊन उभी राहिली की, एरवी शेंगदाणे फोडीत बसलेला मांडव काही क्षण गप्प होतो. देवलांचे ‘शारदा’ वाचलेल्या माणसाला याचे आश्चर्य वाटू नये.

जाता जाता त्या तसबिरीविषयी. अश्विनशेठची भूमिका नव्या नटाकडे गेली की तसबीरही नवी हवी, हा नियम. पण प्रेक्षकांना ती दुरून दिसत नाही, म्हणून पुष्कळ मंडळे जुनीच चालवून घेतात. मग होते असे की, कृत्तिका ज्याच्या रूपाची वाखाणणी करीत असते तो तसबिरीतला तरुण पहिल्या रांगेत, नातवंडाला मांडीवर घेऊन, पुढच्या पदाची वाट पाहत बसलेला असतो.