पाण्याखालचा श्वास

गेल्या वैशाखात एका संध्याकाळी आमच्या माधवनगरातील एक आजोबा आपल्या १४ वर्षांच्या नातवाला घेऊन माझ्या दवाखान्यात आले. मुलगा ठणठणीत होता. त्याच्या पिशवीतून मात्र भंगारवाल्याकडचे जुने अग्निशामक सिलिंडर, घरगुती गॅसचा रेग्युलेटर आणि दोन हात रबरी नळी निघाली. घाटावरची मुले बुडी मारून नाणी काढतात. याला क्षिप्रेच्या तळाशी अर्धा तास बसायचे होते.

"डॉक्टरसाहेब, याला जरा समजवा," आजोबा म्हणाले.

नदीतून काढलेले मूल ज्याने टेबलावर पाहिले आहे, त्याला प्रथम रागच येतो. तो गिळून मी विचारले, "यात हवा कशी भरणार?"

"पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने, काका."

मुलगा मूर्ख नव्हता. पाणबुड्यांच्या साधनांचा इतिहासच अशा जुळवाजुळवीचा आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेतील हौशी मंडळी पाणी तापविण्याच्या टाकाऊ टाक्या कापून शिरस्त्राणे बनवीत आणि वरून हातपंपाने हवा घेत. १९४३ साली फ्रान्समध्ये एमिल गान्याँ व झाक कुस्तो यांनी 'ॲक्वालंग' सिद्ध केले. युद्धकाळच्या पेट्रोलटंचाईत मोटारी गॅसवर चालविण्यासाठी गान्याँने केलेला रेग्युलेटर हेच त्यातील झडपेचे मूळ. मग या मुलाच्या रेग्युलेटरने काय पाप केले?

उत्तर शरीरक्रियाशास्त्रात आहे. अवघ्या १ मीटर खोलीवर छातीवर १०० सेंटिमीटर पाण्याचा जादा दाब येतो. निरोगी प्रौढाचे श्वसनस्नायू सारे बळ एकवटूनही जेमतेम तेवढीच ओढ निर्माण करतात, आणि तीही क्षणभर. म्हणून हवा सभोवतालच्या पाण्याच्या दाबानेच मिळावी लागते आणि खोलीबरोबर तो दाब बदलावा लागतो. गान्याँची झडप तेच करते. स्वयंपाकघरातील रेग्युलेटर मात्र सुमारे ३० सेंटिमीटर पाण्याइतकाच दाब देतो. त्याखाली तो निरुपयोगी.

धोके एवढ्यावर थांबत नाहीत. दाबाखाली घेतलेला श्वास रोखून कोणी वर आला, तर बॉइलच्या नियमानुसार ती हवा फुगते. भरल्या छातीने दीड मीटर वर येणेही वायुकोश फाटण्यास पुरेसे ठरू शकते, आणि ती हवा रक्तावाटे मेंदूत पोहोचते. बंद सिलिंडरमधील गंज आतला प्राणवायू शोषतो. कॉम्प्रेसरच्या हवेत तेलाची वाफ असते. शेजारी इंजिन चालू असेल तर कार्बन मोनॉक्साइडही येतो. गंजलेले सिलिंडर भरतानाच फुटण्याची भीती तर वेगळीच.

एवढे ऐकून मुलगा हिरमुसला. दुसऱ्या दिवशी मी त्याला नवजात कक्षाच्या काचेशी उभे केले. आत अपुऱ्या दिवसांच्या बाळाला 'बबल सीपॅप' लावलेला होता. श्वासनळीची एक बाजू बाळाच्या नाकाशी, दुसरे टोक बाटलीतील पाण्यात ५ सेंटिमीटर बुडविलेले. तेवढ्या दाबाने मिटू पाहणारी फुप्फुसे उघडी राहतात. १९७१ साली ग्रेगरी व सहकाऱ्यांनी नवजातांसाठी सतत दाबाचा हा उपचार प्रसिद्ध केला आणि असंख्य बाळांना जीवदान मिळाले. मुलगा बराच वेळ बुडबुडे पाहत राहिला. मग म्हणाला, "काका, पाच सेंटिमीटरवर बाळ जगते, आणि माझा रेग्युलेटर तीसवर हरतो!"

सिलिंडर भंगारात परत गेले. रीतसर बुडी शिकायची तर मालवणजवळ तारकर्लीला प्रशिक्षित शिक्षकांकडे जा, असे मी सांगितले. आजोबांनी मान डोलावली.

आपण डॉक्टर 'नको' फार लवकर म्हणतो. अशा मुलाला नुसते हटकले असते, तर तो एखाद्या दुपारी कोणाला न सांगता नदीवर गेला असता. २०२८ चा सिंहस्थ जवळ येत आहे. त्याआधी आपल्या मंडळाने वसाहतीतील मुलांना पोहणे, आणि मोठ्यांना बुडालेल्यास प्रथम कृत्रिम श्वास देणे शिकवावे, एवढीच विनंती. पहिल्या वर्गाला तो मुलगा मदतनीस म्हणून येणार आहे.