दिव्याची साक्ष

समजा, लखनौमधील एका शाळेच्या गच्चीवर तापमान नोंदवणारा छोटा संगणक-बोर्ड बसवला आहे. त्याला पडदा नाही, कळफलकही नाही. नोंदी येणे थांबले, तर कारण कसे कळणार? अशा वेळी बोर्डावरील बारीक दिवे उपयोगी पडतात. मात्र त्यांचा अर्थ जाणून घ्यावा लागतो.

वीजपुरवठ्याचा दिवा लागला, म्हणजे वीज पोहोचली, एवढेच सिद्ध होते. संगणकाची स्थिती दाखवणारे दिवे संचालन प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नेल, चालवतो. लिनक्सच्या कर्नेलमध्ये यासाठी २००६ पासून स्वतंत्र व्यवस्था आहे. कोणता दिवा कोणत्या पिनेला जोडला आहे, ही माहिती प्रत्येक बोर्डासाठी वेगळी लिहिली जाते. दिवा केव्हा लागावा, हे ठरवणारा ‘ट्रिगर’ मात्र सर्व बोर्डांना सारखाच चालतो. म्हणून नव्या बोर्डासाठी सर्व काही पुन्हा लिहावे लागत नाही.

२०१३ साली आलेल्या ‘बीगलबोन ब्लॅक’ या बोर्डावर असे चार निळे दिवे आहेत. मूळ व्यवस्थेनुसार पहिला हृदयाच्या ठोक्याप्रमाणे लुकलुकतो. कामाचा भार वाढला की ठोके जलद होतात. उरलेले तीन अनुक्रमे मेमरी कार्ड, प्रोसेसर आणि बोर्डावरील साठवण यांचे काम दाखवतात.

ठोका थांबला, तर कर्नेल अडकला असण्याची शक्यता असते. परंतु ठोका चालू असतानाही तापमान नोंदवणारा प्रोग्राम बंद पडलेला असू शकतो. दिवा ज्या कामाला जोडलेला असतो, त्याचीच साक्ष देतो. त्याहून अधिक अनुमान त्यावरून काढू नये.