कुत्र्याच्या तोंडातील गाठी : उपेक्षा नको, घाईही नको

कोल्हापूर जिल्ह्यात मेंढरांच्या कळपामागे चालणारा, मळ्यातील वस्ती राखणारा कुत्रा हा ग्रामजीवनाचा जुना सोबती आहे. गुरांच्या लाळ्या-खुरकताविषयी पशुपालक जागरूक असतो. कुत्र्याच्या तोंडात मात्र क्वचितच कोणी पाहतो. त्यामुळे तेथील गाठ पुष्कळदा उशिरा ध्यानी येते.

प्रत्येक गाठ घातक नसते. कोवळ्या वयाच्या कुत्र्यांच्या ओठांवर, हिरड्यांवर वा जिभेवर फुलकोबीसारख्या चामखिळी उठतात. त्या विषाणूजन्य असून एका कुत्र्यापासून दुसऱ्यास होतात. माणसास त्यांची बाधा होत नाही. प्रतिकारशक्ती जागृत झाली की बहुधा एक ते तीन महिन्यांत त्या आपोआप नाहीशा होतात. तोवर कुत्रा व त्याची भांडी वेगळी ठेवावीत. चामखिळी खुडू नयेत.

भटक्या कुत्र्यांतील संक्रामक अर्बुदाचा प्रकार निराळा. तो मुख्यतः समागमातून जडतो. परंतु हुंगण्या-चाटण्यामुळे नाकातोंडातही रुजतो. येथे विषाणू नव्हे, तर अर्बुदाच्या जिवंत पेशीच एका जनावरातून दुसऱ्यात जातात. रशियन पशुवैद्य नोव्हिन्स्की यांनी १८७६ च्या सुमारास प्रयोगाने असे रोपण करून दाखविले. व्हिंक्रिस्टीनच्या साप्ताहिक इंजेक्शनांनी हा विकार बहुतांशी बरा होतो.

खरी चिंता वयस्क कुत्र्याची. हिरडीवरील काही गाठी सौम्य असतात, तर काही कर्करोगाच्या. केवळ रंगरूपावरून निर्णय करता येत नाही. तुकडा काढून तपासावा लागतो. गाठ झपाट्याने वाढणे, रक्तस्राव, असह्य दुर्गंधी, दात हलणे, चेहरा सुजणे, अन्न गिळता न येणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास विनाविलंब पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. तीन महिन्यांनंतरही न ओसरणाऱ्या चामखिळीही दाखवाव्यात.

एक इशारा महत्त्वाचा. लाळ गाळणाऱ्या, जबडा लोंबणाऱ्या कुत्र्याच्या 'घशात हाड अडकले असावे' असे समजून तोंडात हात घालू नये. ते पिसाळण्याचे लक्षण असू शकते. लाळ जखमेस लागल्यास वा चावा झाल्यास ती जागा साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि तत्काळ आरोग्य केंद्रात जाऊन लस घ्यावी.

शिक्षकांनी ही माहिती वर्गात सांगावी आणि पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत. कुत्र्याच्या लसीकरणाच्या दिवशीच त्याचे तोंडही तपासून घेण्याचा प्रघात पडला, तर मुक्या सोबत्याचे दुःख वेळीच कळेल आणि माणसावरील संकटही टळेल.